बुगडीचा मामा

प्रमोदिनीच्या डाव्या कानावर शाईचा ठिपका पडला होता, सोन्याची तार दिव्यावर धरून निववून झाली होती, आणि किशनराव सोनार मात्र हाताची घडी घालून बसून होता. मामा आणल्याशिवाय तो कान टोचणार नव्हता.

सेलूत सोनार काय कमी होते? पण बुगडीचा कान टोचावा तो किशनरावानंच, असं सगळा गाव म्हणायचा. खालच्या पाळीचं काही नाही, ती कुणीही टोचतं. वरच्या काठाला कवळं हाड असतं. तिथं हात चुकला की कान वाकडा होतो तो जन्माचा. किशनरावाचा हात कधी चुकला नव्हता, पण त्याचं श्रेय तो स्वतःकडं घेत नसे. सगळी करामत मामाच्या गुळाची, असं त्याचं म्हणणं. मामाच्या हातचा गूळ तोंडात असला की कान पिकत नाही, नसला की पिकतो. यावर त्याच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आता पंचाईत अशी की प्रमोदिनीला मामाच नव्हता. तिची आई कमलबाई, तिला सगळ्या बहिणीच. आईनं वचन दिलं होतं, बी.ए. झालीस की माझी मोत्याची बुगडी तुझी. परभणीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी हसल्या होत्या. आता बुगडी कोण घालतंय बाई, टॉप्स घाल की. पण प्रमोदिनीला लहानपणापासून आईच्या कानातली ती बुगडीच आवडायची, आणि एकदा तिच्या मनानं घेतलं की घेतलं. दिवाळी तोंडावर आली होती, हवा कोरडी झाली होती, कान टोचायचे हेच दिवस. आणि हा बाबा म्हणतोय, मामा आणा.

नेमका त्याच वेळी एक उंच, किडकिडीत तरुण दुकानाची पायरी चढला. केसांत कापूस, भुवईत कापूस, स्वेटरला तर विचारूच नका. नव्यानंच सुरू झालेल्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावरचा तो ग्रेडर होता. गाडीतला मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा आणि धाग्याची लांबी बघून दर्जा ठरवायचा, हे त्याचं काम. अंगठीचं टोक धाग्यात अडकतं, तेवढं घासून द्या, एवढंच त्याचं मागणं होतं.

कमलबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. मग चौकशी सुरू केली. नाव मार्तंड, गाव वाई, घरी आईवडील आणि धाकटी बहीण, लग्न व्हायचंय. गोत्रसुद्धा विचारून झालं. तो बिचारा शाळेतल्या पोरासारखा एकेक उत्तर देत गेला.

"मग भाऊ, एक काम करता का माझं?" कमलबाई म्हणाल्या. "या पोरीचे मामा व्हा."

मार्तंडनं मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला म्हणतायत की काय. मागं कुणीच नव्हतं. किशनरावानं तोवर गुळाचा खडा त्याच्या हातात ठेवलासुद्धा. त्यानं तो प्रमोदिनीच्या तळहातावर ठेवायला हात पुढं केला, तर किशनराव म्हणाला की असं चालत न्हाई, तोंडात घालायचा.

दोघांचीही नजर एकदमच उचलली गेली... आणि एकदमच खाली आली. मार्तंडच्या बोटांना सरकीचा वास होता. ओठांना ती बोटं लागली न लागली, गूळ जिभेवर आला, आणि तेवढ्यात किशनरावानं तार घातली. कोवळी काकडी दाताखाली मोडावी तसा आवाज प्रमोदिनीला आपल्याच डोक्यात ऐकू आला. डोळ्यांत पाणी आलं. जे हाताला लागलं ते तिनं घट्ट धरलं, आणि पाणी पुसून बघते तर ते मार्तंडचं मनगट होतं.

"झालं," किशनराव म्हणाला. "आता सोडा मामाला."

मग त्यानं पथ्य सांगितलं. एका वेळी एकच कान. हा पुरता बरा झाला की मग दुसरा. नाहीतर झोपणार कोणत्या कुशीवर? न्हाऊन झालं की कान कोरडा करायचा, कोमट खोबरेल लावून तार हळूच फिरवायची, खपली नखानं काढायची न्हाई, उगीच हात लावायचा न्हाई, आणि टोचल्या कुशीवर झोपायचं तर मुळीच न्हाई. कवळं हाड भरून यायला लय महिने लागतात. तोवर मामानं दर रविवारी येऊन कान बघून जायचा.

"मी?" मार्तंड म्हणाला.

"गूळ कुणी घातला?" किशनरावानं विचारलं.

तर असा मार्तंड त्या घरात यायला लागला. भाऊबीजेला कमलबाईंनी त्याला पाटावर बसवून ओवाळलं. पन्नाशीला आलेल्या बाईला पहिल्यांदा भाऊ मिळाला होता. प्रमोदिनीचे वडील व्यंकटराव हायस्कुलात गणित शिकवायचे, हसणं त्यांना वर्ज्य. पण तेही त्या दिवशी दुसरी करंजी घ्या म्हणाले.

आणि दाराआड उभी असलेली प्रमोदिनी लाजून चूर झाली होती. का, ते सांगायला हवं. आमच्या मुलखात मामानं भाचीला करणं म्हणजे दुधात साखर. मुलगी वयात आली की पहिला हक्क मामाचा. तो नको म्हणाला तरच ती बाहेर द्यायची. तिच्या वर्गातली एक मैत्रीण सख्ख्या मामाला दिलेली होती आणि सुखानं नांदत होती. तेव्हा आईनं लावलेलं ते कुंकू, ती ओवाळणी, हे सगळं प्रमोदिनीला एकाच दिशेला चाललेलं दिसत होतं. आपण नुसती बुगडी मागितली, आणि देवानं बुगडीबरोबर माणूसही पाठवला, असं तिला मनापासून वाटत होतं. वाईकडं या गोष्टीला काय म्हणतात, हे तिला कोण सांगणार?

रविवारी सकाळी ती ओसरीवर पळीत तेल कोमट करत बसायची. तो यायचा, हात पाठीमागं बांधून दुरूनच कानाकडं बघायचा.

"तार फिरते का?"

"फिरते. सकाळी जरा कुरकुर करते."

"झोप लागते?"

"लागते की. उजव्या कुशीवर. रात्रभर भिंतीकडं तोंड. त्या भिंतीचे पोपडे पाठ झालेत माझे."

"आणि डावीकडे काय आहे?"

प्रमोदिनीनं तेलात बोट बुडवलं. "डावीकडं खिडकी आहे. खिडकीतून... जिनिंगचा दिवा दिसतो."

कापसातली सरकी काढायच्या त्या जिनिंगच्या आवारातच त्याची खोली होती. त्यानं मान वळवून तिकडं बघितलं. मग म्हणाला, "मग कान लवकर बरा व्हायला हवा."

"मामाच्या हातात आहे ते," ती म्हणाली आणि मान खाली घातली.

मामा हा शब्द आला की त्याचा चेहरा उतरायचा. तिला वाटायचं, लाजतोय.

एका रविवारी त्याच्या स्वेटरचा कापूस उडून नेमका तिच्या कानापाशी बसला. हलू नको, तारेत अडकेल, असं म्हणून तो खाली वाकला. दोन बोटांच्या चिमटीत त्यानं तो धागा धरला आणि रोज कापूस ओढायचा तितक्याच हलक्या हातानं, जराही न दुखवता, ओढून काढला. धागा निघाला तरी बोटं तिथंच होती. तिच्या केसांना त्याचा श्वास लागत होता. तिनं डोळे मिटून घेतले... आणि आतून कमलबाईंची हाक आली, भाऊ, चहा झालाय. विस्तवाला हात लागावा तसा तो मागं सरला. चहा न घेताच गेला. पुढच्या रविवारी आलाच नाही, आणि त्याच्या पुढच्या रविवारी आला तो असा गप्प, की पळीतलं तेल थिजलं तरी दोघांना कळलं नाही.

संक्रांत झाली आणि पालमचं स्थळ सांगून आलं. मुलगा तहसिलीत कारकून, घरची कोरडवाहू का होईना जमीन, माणसं सालस. व्यंकटराव रीतीचे पक्के. मुलगी बाहेर दाखवायची तर आधी मामाला विचारलं पाहिजे, मानलेला असला म्हणून काय झालं? त्यांनी मार्तंडला बोलावलं, समोर ताटलीत एक अख्खी सुपारी ठेवली, आणि पालमच्या लोकांना होकार कळवायला तुमची काही हरकत न्हाई ना, असं विचारलं. प्रमोदिनी दाराआड चहाचे कप घेऊन उभी होती. हातातल्या बशा वाजू नयेत म्हणून तिनं श्वास रोखला होता. आता तो ती सुपारी उचलणार, खिशात घालणार, आणि आपलं सगळं आयुष्य तिथंच ठरणार.

मार्तंडनं बराच वेळ जमिनीकडं बघितलं.

"माझी कसली हरकत?" तो म्हणाला. "स्थळ चांगलं असेल तर अवश्य द्या." आणि ताटली त्यानं हळूच परत सरकवली. आपण सुपारी खात नाही, म्हणाला.

प्रमोदिनीनं कप चुलीपाशी ठेवले. त्या रात्री ती मुद्दाम डाव्या कुशीवर झोपली. दुखू दे मेला, तिला वाटलं. कुणासाठी जपायचा? खूप रडली आणि रडता रडता त्याच कानावर झोप लागली.

व्हायचं तेच झालं. कान भज्यासारखा फुगला, लाल झाला, तारेभोवती पू धरला. कमलबाई तिला किशनरावाकडं घेऊन गेल्या. त्यानं वाकून बघितलं. तार काढायची न्हाई, म्हणाला, काढली तर वरून भोक बुजंल आणि पू आत कोंडंल. मिठाच्या कोमट पाण्यानं शेका, आणि दवाखान्यात दाखवून या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेल बंद करायला सांगितलं आणि शेकणं चालू ठेवा म्हणाले. पण किशनरावाचं तेवढ्यानं समाधान होणार होतं थोडंच? त्याच्या हातून टोचलेला कान पहिल्यांदाच पिकला होता. दुकान तसंच उघडं टाकून तो तरातरा खरेदी केंद्रावर गेला. बैलगाड्यांच्या रांगेतून वाट काढत त्यानं मार्तंडला गाठलं आणि कास्तकारांच्या देखत ऐकवलं, पोरीचा कान पिकलाय, म्हणजे मामाच्या मनात खोट हाय.

मार्तंड संध्याकाळी आला तो तसाच, अंगभर कापूस घेऊन. पालमचे लोक दुसऱ्याच दिवशी यायचे होते. प्रमोदिनी परसात बसून मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून कान शेकत होती. तिनं वर बघितलं नाही.

"किशनराव म्हणाले, माझ्या मनात खोट आहे," तो म्हणाला.

"नसेल कशावरून?"

तो अगदी हळू म्हणाला, "आहे."

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. आणि मग इतके दिवस साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. खोट आहे तर दर रविवारी कशाला येत होता? कापसाचा धागा काढायला इतका वेळ लागतो का कुणाला? आणि एवढं करून, माझ्याच घरात, माझ्याच बापासमोर, मला नको म्हणालात.

"मी? तुला नको म्हणालो? कधी?"

"सुपारी परत केलीत ना."

"अगं, मी सुपारी खात नाही."

"ती खायची नसते," प्रमोदिनीचा आवाज फुटला. "ती ठेवून घ्यायची असते. मामानं ठेवून घेतली तर मुलगी त्याची. परत केली तर बाहेरच्यांची. सगळ्या जगाला माहीत आहे."

मार्तंड धुण्याच्या दगडावर मटकन बसला. दगड ओला होता, त्याला पत्ताच नाही. "मामाची?" तो पुन्हा म्हणाला. "म्हणजे... मामाला... मुलगी देतात?"

"मग कुणाला देतात?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिला वाटलं रडतोय की काय. पण तो हसत होता, आणि हसता हसताच त्यानं सगळं सांगितलं. त्यांच्याकडं मामा म्हणजे बापाच्या जागी. मामाच्या मनात भाचीबद्दल असलं काही आलं तर लोक तोंडावर थुंकतील. कमलबाईंनी ओवाळलं त्या दिवसापासून तो रोज स्वतःला शिव्या देत होता. रविवारी जायचं नाही असं शनिवारी ठरवायचा, आणि रविवारी सकाळी पाय आपोआप इकडं वळायचे. पालमच्या स्थळाला हरकत नाही म्हणाला, तेव्हा त्याला वाटलं होतं की आपण आयुष्यात एक तरी चांगलं काम केलं.

"लय चांगलं केलंत," प्रमोदिनी म्हणाली. आता तिलाही हसू आवरेना. हसलं की कान ठणकायचा. "हसवू नका हो. दुखतंय."

तो उठून तिच्या समोर येऊन बसला. तिच्या हातातलं फडकं घेतलं, पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि कानाला अलगद लावलं. या वेळी त्याची बोटं मागं सरली नाहीत.

"प्रमोदिनी," तो म्हणाला, "तुझ्या तोंडात गूळ घातला ना, त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही. मी तुझा मामा नाही. पण मामा झाल्यानं तू मिळणार असशील... तर मी मामाच."

तिला खूप काही बोलायचं होतं. बी.ए.ला मराठी घेतलं होतं तिनं. पण तोंडातून एवढंच निघालं, "मला सांगून काय उपयोग? बाबांना सांगा. उद्या ते लोक येणार आहेत."

व्यंकटराव आत कंदिलाशी पेपर तपासत बसले होते. मार्तंड त्यांच्यासमोर उभा राहिला, ओल्या पँटची शुद्ध नाही. पालमच्या स्थळाला माझी हरकत आहे, म्हणाला. व्यंकटरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एकदा दिलेलं उत्तर खोडलं तर आपण गुण देत न्हाई, असं ते म्हणाले. दाराआड प्रमोदिनीनं चौकट घट्ट धरली.

"तुम्ही शब्द दिला आहे का त्यांना?" मार्तंडनं विचारलं.

"मी देणार होतो. हिनं देऊ दिला न्हाई. कान बरा होईपर्यंत थांबा म्हणून धोशा लावला. त्यांना नुसतं बघायला या म्हणून कळवलंय."

कमलबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कानाचं निमित्त होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "वाट तुमची बघत होते, मार्तंडराव. कापसाचा दर्जा एका ओढीत कळतो तुमाला, आणि माणसाच्या मनातलं कळायला चार महिने? त्या दिवशी सोनाराच्या दुकानात मी गोत्र कशाला विचारलं होतं मग?"

प्रमोदिनी दार सोडून पुढं आली. आईकडं बघतच राहिली. म्हणजे हिनं पहिल्या दिवसापासूनच...

"खोटं बोलत न्हाई," कमलबाई पुढं म्हणाल्या. "भाऊ मला पाहिजेच होता. भाऊबीजेला इतकी वर्षं चंद्राला ओवाळत आले मी. चंद्र काही जेवायला येत न्हाई घरी."

मार्तंडनं वाकून त्यांना नमस्कार केला आणि चाचरत म्हणाला की त्यांना एक भाऊ मिळाला होता, तोही आपण हिरावून घेतो आहोत.

"हिरावता कशाला? आमच्याकडं बहीणच सासू असते. एक नातं आलं म्हणून दुसरं जात न्हाई."

व्यंकटरावांनी उठून कपाटातून पोस्टकार्ड काढलं. पालमला आधीच निरोप गेला पाहिजे, उद्या पहाटेच्या एसटीनं मी स्वतः जाऊन माफी मागून येतो, म्हणाले. आणि कार्ड मार्तंडच्या हातात दिलं, वाईला लिहायला. खरं काय ते लिहा, म्हणाले.

"खरं लिहा," कमलबाई म्हणाल्या, "फक्त मामाचं लिहू नका."

आणि प्रमोदिनीनं जन्मात पहिल्यांदा आपल्या वडिलांना खो खो हसताना बघितलं.

मार्तंड निघाला तेव्हा ती अंगणापर्यंत सोडायला गेली. कान ठणकत होता, फडक्याचं पाणी मानेवरून ओघळत होतं, आणि आपल्याइतकं सुखी आज सेलूत कुणी नाही याची तिला खात्री होती. फाटकापाशी तो घुटमळला. रविवार अजून लांब होता.

"उद्या येऊ का?" त्यानं विचारलं. "कान बघायला?"

तिनं फाटकाची कडी काढली, त्याला वाट करून दिली, आणि पहिल्यांदाच, मान खाली न घालता, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "या की. कान बरा झाला तरी या."